पांढऱ्या पेशी दुसऱ्या ऊतींच्या पेशी होऊ शकतात का? कुठे होतात, कुठे नाही

पेशीवेध

१९८० साली एका लहान मुलीवर केलेल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मुलगी काही महिन्यांची होती आणि तिला जन्मजात ऑस्टिओपेट्रोसिस होता. या आजारात हाड तयार होतं, पण जुनं हाड खाऊन टाकणाऱ्या पेशी काम करत नाहीत. हाडं दगडासारखी भरत जातात, आतली मज्जेची पोकळी बुजते, रक्त तयार व्हायला जागा उरत नाही. कवटीतली मज्जातंतूंची भोकं अरुंद झाली की दृष्टीही जाऊ शकते. या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. हाडं मोकळी होऊ लागली. त्यानंतर डॉक्टरांनी तिच्या हाडाचा तुकडा तपासला, तर हाड खाणाऱ्या पेशींमध्ये वाय गुणसूत्र सापडलं. म्हणजे त्या पेशी भावाच्या होत्या. त्याच तुकड्यातल्या हाड बांधणाऱ्या पेशी मात्र मुलीच्या स्वतःच्याच होत्या.

या एका निरीक्षणात अख्खा विषय सामावलेला आहे असं मला वाटतं, म्हणून धाग्याची सुरुवात इथून करतोय. हाड खाणारी पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, ही रक्ताच्या घराण्यातली. मज्जेत तयार होणाऱ्या मोनोसाइटच्या वंशातून ती येते. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींच्या यादीत मोनोसाइट दिसतात ना, साधारण २ ते ८ टक्के, त्याच. याआधी, १९७० च्या दशकात, डोनाल्ड वॉकर यांनी अशाच आजाराच्या उंदरांना निरोगी उंदरांशी रक्ताने जोडून आणि नंतर मज्जेच्या व प्लीहेच्या पेशी देऊन बरं केलं होतं. तेव्हाच अंदाज आला होता की दोष हाडात नसून रक्तातून येणाऱ्या पेशीत आहे.

हे कसं घडतं तेही सांगतो. हाड बांधणाऱ्या पेशी आणि हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट या आपल्या पृष्ठभागावर रँकल नावाचं प्रथिन दाखवतात. मोनोसाइट वंशाच्या पेशीवर त्याचा ग्राहक (रिसेप्टर) असतो. रँकल आणि एम-सीएसएफ नावाचं दुसरं प्रथिन, हे दोन्ही संकेत मिळाले की अशा अनेक पेशी एकमेकींत विलीन होतात आणि अनेक केंद्रकं असलेली एक मोठी पेशी तयार होते. ती हाडाला घट्ट चिकटते, कडेने जागा सीलबंद करते आणि आत आम्ल सोडते. आम्लाने खनिज विरघळतं, मग कॅथेप्सिन-के हे विकर (एन्झाइम) उरलेलं कोलाजेन कापतं.

रक्तात गोलगोल फिरणारी पेशी आणि हाड पोखरणारी ही बहुकेंद्रकी पेशी शेजारी ठेवून पाहिल्या तर कुणी त्यांना नातेवाईक म्हणणार नाही.

पण लोकांना खरं विचारायचं असतं ते वेगळंच: पांढरी पेशी यकृत होईल का, हृदयाचा स्नायू होईल का, चेतापेशी होईल का? इथे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खूप मोठे दावे झाले आणि त्यातले बरेचसे टिकले नाहीत. माझं म्हणणं एकच आहे. असा दावा ऐकला की 'ती पेशी पांढऱ्या पेशीपासूनच आली हे कशावरून?' हा प्रश्न आधी विचारायचा. पेशी कशी दिसते, कोणत्या रंगात चमकते, हे नंतर. प्रतिसादांत एकेक उदाहरण घेऊ.

---

निळीशाई

वा, छान विषय. एक बाळबोध शंका. मोनोसाइट ऑस्टिओक्लास्ट होते, म्हणजे ती आपली 'जात' बदलते की तिच्या नशिबात हे आधीपासूनच लिहिलेलं असतं?

---

पेशीवेध

शंका अजिबात बाळबोध नाही, सगळा वाद इथेच आहे. मोनोसाइटच्या बाबतीत हा तिच्या नेहमीच्या वाढीचाच पुढचा टप्पा आहे. ती रक्तात थोडाच काळ असते, माणसात साधारण एक-दोन दिवस. मग ऊतीत शिरते आणि तिथल्या संकेतांप्रमाणे मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी पेशी) होते, कधी डेंड्रायटिक पेशी होते, हाडाजवळ ऑस्टिओक्लास्ट होते. या सगळ्या वाटा तिला खुल्या आहेत. बी पेशी संसर्गानंतर प्रतिपिंडं ओतणारी प्लाझ्मा पेशी होते, तेही याच प्रकारचं.

ठरलेली वाट सोडून दुसऱ्याच घराण्यात जाणं ही वेगळी गोष्ट. लिम्फोसाइटची (म्हणजे बी, टी पेशींसारख्या पांढऱ्या पेशीची) मॅक्रोफेज होणं, किंवा कोणत्याही पांढऱ्या पेशीची यकृतपेशी होणं, हे त्यात येतं. बातम्यांमध्ये दोन्हींसाठी एकाच तऱ्हेची भाषा वापरतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

---

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे थोडी भर घालते. पेशींनी एकमेकींत विलीन होणं हे मोनोसाइट वंशाचं खास वैशिष्ट्य आहे. क्षयाच्या गाठीचा छेद पाहिला की लँगहान्स महापेशी दिसतात, केंद्रकं घोड्याच्या नालासारखी कडेला मांडलेली. १८६८ मध्ये थिओडोर लँगहान्स यांनी त्यांचं वर्णन केलं. त्याही मॅक्रोफेज एकत्र येऊनच बनतात. शरीरात टाका किंवा रोपण राहिलं तर त्याभोवतीही अशाच महापेशी जमतात. धमनीच्या भिंतीत चरबी गिळून फुगलेल्या फेस-पेशींमध्येही मोनोसाइटपासून आलेल्या मॅक्रोफेजचा मोठा वाटा असतो. एकाच पेशीची इतकी रूपं रोज काचपट्टीवर बघायला मिळतात, तरी नवल कमी होत नाही.

ऑस्टिओक्लास्टबद्दल २०१९ मध्ये उंदरांवर एक सुंदर काम झालं. ऑस्टिओक्लास्ट तयार होते, काम करते आणि मरते असं आपण शिकलो होतो. त्या कामात दिसलं की या पेशी बराच काळ टिकतात आणि रक्तातून येणाऱ्या पेशींशी विलीन होऊन अधूनमधून नवी केंद्रकं मिळवत राहतात.

---

दूर्वांकुर

रँकल वाचून चमकले. माझ्या सासूबाईंना हाडं ठिसूळ झाल्याबद्दल दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन देतात. ते याच्याशीच संबंधित आहे का?

---

पेशीवेध

हो, अगदी थेट. डेनोसुमॅब हे रँकलला पकडून ठेवणारं प्रतिपिंड आहे. संकेतच पोचला नाही तर मोनोसाइट वंशाच्या पेशी ऑस्टिओक्लास्ट होत नाहीत आणि हाडाची झीज मंदावते. पांढऱ्या पेशीची एक वाट औषधाने अडवायची, असा हा उपचार आहे.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा. औषधाचा परिणाम उतरला की अडून राहिलेल्या पेशी एकदम कामाला लागतात आणि झीज उसळून येते. इंजेक्शन मध्येच बंद केल्यावर मणक्याची एकाहून जास्त हाडं मोडल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. म्हणून पुढची तारीख परस्पर चुकवू नये आणि थांबवायचं असेल तर त्याजागी दुसरं कोणतं औषध सुरू करायचं हे डॉक्टरांशी आधी ठरवावं.

---

दूर्वांकुर

हे इतक्या स्पष्टपणे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून धन्यवाद. पुढची तारीख आत्ताच लिहून ठेवली.

---

आडवाट

२००० च्या आसपास वर्तमानपत्रांत 'रक्तापासून मेंदू', 'मज्जेपासून हृदय' असे मथळे यायचे. मी ते कापून ठेवायचो. त्या सगळ्याचं पुढे काय झालं?

---

पेशीवेध

याच प्रश्नाची वाट बघत होतो, जरा लांब लिहितो.

१९९८ ते २००१ या काळात एकामागून एक शोधनिबंध आले. उंदराला खूण केलेली मज्जा द्यायची आणि नंतर स्नायूत, यकृतात, मेंदूत त्या खुणेच्या पेशी शोधायच्या, अशी पद्धत होती. खुणेच्या पेशी सापडायच्या. सगळ्यात जोरदार प्रयोग २००० मधला. त्यातल्या उंदरांना एक जन्मजात दोष होता, औषध बंद केलं की त्यांचं यकृत निकामी व्हायचं. त्यांना रक्ताच्या शुद्ध केलेल्या मूळपेशी (स्टेम सेल) दिल्या आणि त्यांची यकृतं सावरली. नव्या यकृतपेशींमध्ये दात्याची खूण होती. असं दिसल्यावर रक्तपेशीची यकृतपेशी झाली असंच कुणीही म्हणेल.

२००३ मध्ये दोन गटांनी त्या नव्या यकृतपेशींची जनुकं आणि गुणसूत्रं तपासली. एकाच पेशीत दात्याचीही गुणसूत्रं होती आणि यजमानाचीही! रक्ताची पेशी यकृतपेशीत विलीन झाली होती. तिच्याकडचं चांगलं जनुक यकृतपेशीला मिळालं आणि ती जगली, वाढली. पुढच्याच वर्षी दिसून आलं की विलीन होणाऱ्या पेशी मुख्यतः मोनोसाइट-मॅक्रोफेज वंशाच्या होत्या. वर सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलेला विलीन होण्याचा गुण तो हाच. मला हा निकाल निराशाजनक वाटत नाही. उंदीर खरोखरच वाचले होते, फक्त कारण वेगळं निघालं.

मेंदूतल्या पुर्किन्ये नावाच्या चेतापेशींची गोष्टही अशीच. मज्जेची खूण असलेल्या पुर्किन्ये पेशी सापडल्या, पण त्यांच्यात दोन केंद्रकं होती. तेही विलीनीकरण.

हृदयाचं प्रकरण जास्त क्लेशदायक आहे. २००१ मध्ये दावा झाला की मज्जेच्या पेशी टोचल्यावर उंदराच्या झटका आलेल्या हृदयात नवा स्नायू तयार होतो. लगोलग माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी पक्क्या जनुकीय खुणा वापरून तपासलं, तर मज्जेच्या पेशी रक्तपेशीच राहिल्या होत्या, हृदयस्नायू झाल्या नव्हत्या. मूळ दाव्यामागचे प्रमुख संशोधक पिएरो अँव्हर्सा यांनी पुढे हृदयाच्या मूळपेशींवर जे काम केलं, त्यातले ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत अशी शिफारस २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम रुग्णालयाने केली. त्या मथळ्यांवर भरवसा ठेवून आजारी माणसांनी हृदयात सुया टोचून घेतल्या याचं मला फार वाईट वाटतं.

---

आडवाट

कात्रणं अजून आहेत. प्रत्येकाच्या मागे हे लिहून ठेवतो.

---

कोरीपाटी

मी एमएस्सीला आहे, इम्युनॉलॉजी विषय. बी आणि टी पेशींबद्दल लिहिते, कारण 'कशावरून?' या प्रश्नाचं सगळ्यात पक्कं उत्तर त्यांच्याकडे आहे.

बी पेशी तयार होताना प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे कापून नव्याने जोडते. टी पेशीही आपल्या ग्राहकाच्या जनुकाचं असंच करते. कापलेला डीएनए परत येत नाही, आणि प्रत्येक पेशीची जोडणी बहुधा वेगळी असते. त्यामुळे अशी पेशी पुढे काहीही झाली तरी ती जोडणी तिच्या जनुकांत राहतेच. बाहेरून कोणताही रंग टोचायची गरज नाही, निसर्गानेच तिच्यावर पोस्टाचा शिक्का मारलेला आहे.

२००२ मध्ये होखेडलिंगर आणि येनिश यांनी याचा फार देखणा उपयोग केला. प्रौढ लिम्फोसाइटचं केंद्रक काढून अंड्यात घातलं, त्यापासून मूळपेशी मिळवल्या आणि त्यांच्यापासून उंदीर वाढवले. त्या उंदरांच्या त्वचेत, यकृतात, मेंदूत, सगळीकडे त्या एका लिम्फोसाइटची जोडणी होती. अगदी शेवटच्या टप्प्याला पोचलेल्या पांढऱ्या पेशीतही अख्खा प्राणी घडवण्याइतकी माहिती शाबूत असते, हे त्यामुळे निर्विवाद सिद्ध झालं.

---

निळीशाई

अंगावर काटा आला वाचून. पण मग माहिती सगळी आत असताना पेशी ती वापरत का नाही?

---

कोरीपाटी

कारण तिला सतत आवरून धरलेलं असतं. बी पेशीत पॅक्स५ नावाचं प्रथिन असतं. ते बी पेशीची जनुकं चालू ठेवतं आणि इतर घराण्यांची बंद. १९९९ मध्ये पॅक्स५ नसलेल्या उंदरांच्या कोवळ्या बी पेशी तपासल्या, तर त्यांच्यापासून मॅक्रोफेज, टी पेशी, इतकंच काय ऑस्टिओक्लास्टही बनवता आल्या. २००७ मध्ये तर पूर्ण वाढलेल्या बी पेशीतून पॅक्स५ काढल्यावर ती मागे सरकली आणि टी पेशी होऊ शकली.

उलट्या बाजूने, २००४ मध्ये थॉमस ग्राफ यांच्या गटाने बी पेशीत सी/ईबीपी-अल्फा हे एकच प्रथिन जबरदस्तीने बनवायला लावलं. काही दिवसांतच ती मॅक्रोफेजसारखी झाली, कण गिळायलाही लागली. आणि प्रतिपिंडाच्या जनुकाची जोडणी तिच्यात तशीच होती, म्हणून ती आधी बी पेशी होती याबद्दल वाद उरला नाही.

मला यातून कळलं ते असं की पेशीची ओळख ही एकदा ठरून संपणारी गोष्ट नाही. काही प्रथिनं ती आयुष्यभर टिकवून धरत असतात.

---

सूक्ष्मदर्शी

आणि हे फक्त प्रयोगशाळेत होतं असं नाही बरं का. फॉलिक्युलर लिम्फोमा हा बी पेशींचा कर्करोग. यातल्या मोजक्या रुग्णांना पुढे हिस्टिओसायटिक सार्कोमा होतो, ज्यात गाठीतल्या पेशी मॅक्रोफेजसारख्या दिसतात. पूर्वी हे दोन वेगळे आजार समजले गेले असते. जनुकं तपासली तेव्हा दोन्ही गाठींत प्रतिपिंडाच्या जनुकाची तीच जोडणी आणि १४ व १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांची तीच अदलाबदल सापडली. म्हणजे माणसाच्या शरीरात बी घराण्यातली पेशी मॅक्रोफेजच्या घराण्यात गेली होती.

ल्युकेमियात याला फार व्यावहारिक महत्त्व आहे. बी पेशींच्या ल्युकेमियावर, त्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या सीडी१९ या खुणेला लक्ष्य करणारी कार-टी उपचारपद्धती (जनुकीय बदल केलेल्या टी पेशी) देतात. काही रुग्णांत, विशेषतः केएमटी२ए या जनुकात फेरबदल असलेल्यांत, ल्युकेमिया परत येतो तो मायलॉइड, म्हणजे मोनोसाइट-न्यूट्रोफिलच्या घराण्याचं, रूप घेऊन. सीडी१९ उरलेलंच नसतं, मग औषध कशाला धरणार? म्हणून आजार उलटला की आम्ही सगळ्या खुणा नव्याने तपासतो, जुन्या रिपोर्टवर विसंबत नाही.

---

उंबरठा

धागा श्वास रोखून वाचला. माझ्या भावाला ल्युकेमियासाठी मज्जा प्रत्यारोपण झालंय, दाती आमची बहीण. त्याचा रक्तगट बदलून तिचा झाला. आता कुणीतरी सांगितलं की गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यातही तिचा डीएनए येऊ शकतो. म्हणजे त्याच्या गालाच्या पेशीही तिच्या झाल्या? घरात सगळे गोंधळलेत.

---

सूक्ष्मदर्शी

आधी तुमच्या भावाला शुभेच्छा. रक्तगट बदलणं अपेक्षित आहे, कारण लाल पेशी आता बहिणीच्या मज्जेतून येतात.

गालाच्या नमुन्याबद्दल घाबरू नका. लाळेत आणि तोंडाच्या अस्तरावर पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने असतात, त्या नमुन्यात उतरतात. तो डीएनए मुख्यतः त्यांचा. म्हणूनच प्रत्यारोपणानंतर रुग्णाचा मूळ डीएनए हवा असेल तर केसांची मुळं किंवा त्वचेपासून वाढवलेल्या पेशी वापरणं पसंत करतात. पुढे कधी जनुकीय तपासणी सांगितली, तर प्रत्यारोपण झाल्याचं लॅबला आवर्जून सांगा.

---

पेशीवेध

यात एक भर. भावाच्या यकृतात, फुप्फुसात, आतड्यात बहिणीच्या मज्जेतून आलेले मॅक्रोफेज हळूहळू वस्तीला येतील. तेवढ्यापुरत्या त्या ऊती दोघांच्या असतील, आणि हे चांगलंच आहे.

मात्र सगळ्याच मॅक्रोफेज मोनोसाइटपासून येत नाहीत. पूर्वी तसं मानत. २०१० मध्ये उंदरांवर दिसलं की मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या मॅक्रोफेज, गर्भाच्या पीतक पिशवीत जन्मतात, मेंदूत जातात आणि तिथेच आपली संख्या टिकवतात. आतड्यातले बरेचसे मॅक्रोफेज मात्र रक्तातल्या मोनोसाइटकडून सतत भरून निघतात. मेंदूत मज्जेच्या पेशी ठळकपणे शिरतात त्या प्रत्यारोपणाआधी दिलेल्या किरणांनी किंवा औषधांनी जागा रिकामी झाल्यावर. हर्लर सिंड्रोममध्ये याचाच फायदा घेतात. या मुलांमध्ये एक विकर नसतं. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी मेंदूत मायक्रोग्लियासारख्या वसतात, ते विकर बाहेर सोडतात आणि शेजारच्या पेशी ते उचलतात. चेतापेशी बनण्याची गरजच पडत नाही. उपचार लवकर, शक्यतो दोन वर्षांच्या आत झाला तर बुद्धीचा ऱ्हास बराच रोखता येतो.

---

उंबरठा

दोघांचे आभार. आईला वाचून दाखवतो.

---

आडवाट

मग रक्तापासून चेतापेशी हे स्वप्नच म्हणायचं का?

---

पेशीवेध

शरीरात आपोआप होण्याबद्दल म्हणाल, तर विश्वास ठेवावा असा पुरावा नाही. प्रयोगशाळेत मात्र ते होतं. यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींना चार जनुकं देऊन मूळपेशींच्या अवस्थेत नेलं. २०१० मध्ये तीन गटांनी हेच माणसाच्या रक्तातल्या टी पेशींवर करून दाखवलं. त्यामुळे त्वचेचा तुकडा न काढता थोड्या रक्तातून काम भागू लागलं. अशा पेशींपासून हृदयस्नायू, यकृतपेशी, चेतापेशी वाढवता येतात, आणि त्या सगळ्यांत मूळ टी पेशीची जोडणी सापडते. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने तर मूळपेशीचा टप्पा वगळून टी पेशींना थेट चेतापेशी केलं. आजार समजून घ्यायला, औषधं तपासायला हे फार मोलाचं आहे.

कोरीपाटी यांनी सांगितलेल्या शिक्क्याची ताकद २०१४ मध्येही दिसली. जपानच्या रिकेन संस्थेतून दावा आला की उंदराच्या प्लीहेतल्या लिम्फोसाइट सौम्य आम्लात ठेवल्या की मूळपेशी होतात. जगभर जल्लोष झाला. पण त्या पेशींपासून वाढवलेल्या आठ पेशीवंशांत टी पेशीची जोडणी एकातही नव्हती. पुढे कळलं की त्या मुळात भ्रूणाच्या मूळपेशी होत्या. जानेवारीत छापलेले शोधनिबंध जुलैत मागे घेतले गेले.

---

कोरीपाटी

हे प्रकरण आम्हाला वर्गात शिकवलं तेव्हा जोडणीचा हा मुद्दा एका ओळीत उरकला होता. खरं तर तोच गाभा आहे.

एक राहिलंय, फायब्रोसाइट. १९९४ मध्ये बुकाला यांच्या गटाने रक्तात अशा पेशी दाखवल्या ज्यांच्यावर पांढऱ्या पेशींची खूण असते आणि ज्या कोलाजेनही बनवतात. जखमेत त्या लवकर पोचतात. मग व्रणातल्या पेशी पांढऱ्या पेशींपासून येतात असं म्हणता येईल?

---

पेशीवेध

ही कल्पना खूप जुनी आहे. १८६७ मध्ये कोनहाइम यांनी प्राण्यांच्या शिरेत रंग टोचला आणि दाहाच्या जागी रंगीत पेशी पाहिल्या. जखमेतल्या पेशी रक्तातून येतात, असं त्यांनी मांडलं. दाहाच्या पेशींबाबत ते बरोबर होतं. व्रणातले फायब्रोब्लास्टही (कोलाजेन बनवणाऱ्या ऊतीतल्या पेशी) तिथूनच येतात का, यावर तेव्हापासून वाद आहे. यकृताच्या फायब्रोसिसमध्ये उंदरांवरचे वंशखुणेचे (पेशीला जनुकीय खूण करून तिच्या वंशजांचा माग काढण्याचे) प्रयोग तर स्पष्ट सांगतात की कोलाजेन घालणाऱ्या बहुतेक पेशी यकृतातल्याच स्टेलेट पेशींपासून येतात, मज्जेतून फारच थोड्या. इतर अवयवांत वाटा वेगवेगळा सांगितला जातो. माझं मत असं की फायब्रोसाइट आहेत, जखमेत जातात, कोलाजेन बनवतात आणि शेजारच्या पेशींना संकेत देतात. पण व्रणाचं मुख्य बांधकाम त्यांच्या नावावर लावायचं असेल तर त्या त्या अवयवात वंशखुणेचा पुरावा दाखवावा लागेल.

---

निळीशाई

शेवटची शंका. न्यूट्रोफिल तर सगळ्यात जास्त असतात. त्या कशात बदलत नाहीत का?

---

सूक्ष्मदर्शी

नाही. मज्जेतून बाहेर पडतानाच त्या विभाजन थांबवून आलेल्या असतात. केंद्रकाचे खंड पडलेले, डीएनए घट्ट गुंडाळलेला. रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात, जंतूंवर तुटून पडतात आणि मरतात. मेलेल्या न्यूट्रोफिल गिळून जागा साफ करायला मॅक्रोफेज येतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा थोड्याच वेळापूर्वी रक्तात मोनोसाइट म्हणून फिरत होत्या.